बावळटाच्या झाडाखाली

पाओ-चूनं शिट्टी फुंकली तेव्हा थिएन-फू नेमका वरच्या सुरावर पोचला होता.

हा वरचा सूर म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. तिथवर चढायला त्याला अख्खं कडवं लागायचं, आणि एकदा चढला की डोळे मिटून, मान मागे टाकून तो तिथंच मुक्काम ठोकायचा. तेवढ्या वेळात बागेतल्या म्हाताऱ्यांचा अर्धा पेला चहा पिऊन व्हायचा. त्या सकाळी मुक्काम नुकताच पडला होता, एवढ्यात फुर्रर्र! डोळे उघडून बघतो तर समोर स्वतःची बायको. अंगात हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात पाटी: "घरटं आहे. शांतता राखा."

"गाणं चाललंय, म्हातारे," तो माईकमध्येच बोलला, त्यामुळे पलीकडच्या बसथांब्यालाही ते कळलं.

"म्हणून तर शिट्टी मारली. घरट्याखाली आवाज करायचा नाही. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"पथकाचा."

"आणि पथक कोण?"

पाओ-चूनं पाटी जरा वर उचलली. "मी."

गाणाऱ्या मंडळींत आधी कोणी हसलं नाही. मग एकाला राहवलं नाही आणि मग सगळेच हसले. जन्मभर तायपेईच्या रस्त्यांवर सिटी बस हाकलेला माणूस, लाल दिव्यालासुद्धा कुरकुरत थांबणारा, तो बायकोच्या शिट्टीला थांबला म्हटल्यावर लोक हसणारच. थिएन-फू मात्र हसला नाही. त्यानं माईकची तार नीट गुंडाळली, चाकांच्या स्पीकरवर फुलाफुलांचं फडकं टाकलं आणि खडखडाट करत तो घरी निघून गेला. पाओ-चूला वाटलं, संध्याकाळपर्यंत उतरेल राग.

भांडणाचं मूळ वडाच्या आडव्या फांदीवर बसलं होतं आणि त्याला या भांडणाचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. तांबूस-तपकिरी, कोंबडीएवढा रातबगळा. पुस्तकात त्याचं नाव भारदस्त असेल, पण तायपेईत त्याला सगळे मोठा बावळट म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. हिरवळीवर तो पुतळ्यासारखा उभा असतो. माणसं अंगाला घासून जातात, पोरं फोटो काढतात, कुत्री भुंकून भुंकून दमतात, हा ढिम्म. मग एकदम मान लांब करून डावीकडे-उजवीकडे झुलवतो, चोच खुपसतो आणि लेंग्याची नाडी ओढावी तसं गांडूळ ओढून काढतो.

"बघ, माझ्या गाण्यावर मान डोलावतोय," थिएन-फू नेहमी म्हणायचा.

"गांडुळावर डोलावतोय," पाओ-चू म्हणायची, आणि जाकिटाच्या खिशातून कापूस काढून कानात घालायची. नवरा गायला लागला की कानात कापूस, हा तिचा जुना शिरस्ता होता. घरी एक पुडकं आणि खिशात एक.

पाओ-चू शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. शेकडो पोरांना रांगेत उभं करून जेवायला घातलेली बाई. निवृत्त झाल्यावर रांगेत उभं करायला कोणी उरलं नाही, म्हणून तिनं बाग हातात घेतली. वस्तीप्रमुखांकडून हिरवी जाकिटं मिळवली, शेजारणीपाजारणी गोळा केल्या आणि पथक काढलं. झाडांखालचा पाचोळा झाडायचा नाही, कारण त्यात गांडुळं असतात. कुत्र्याच्या गळ्यात दोरी हवीच. पतंगाचा मांजा दिसला की उचलायचा. कीटकनाशक फवारणारे आले तर त्यांना चहा पाजायचा आणि परत पाठवायचं. पहिल्या वर्षी लोकांनी तक्रार केली की ह्या बाईनं बागेचा उकिरडा केला. दुसऱ्या वर्षी तेच लोक नातवंडांना आणून पाचोळ्यातले किडे दाखवायला लागले. आपल्या वस्तीचं असंच आहे. आधी नाक मुरडायचं, मग त्याच गोष्टीचं कौतुक पाहुण्यांना सांगायचं.

एवढं सगळं करूनही बावळटाची पिल्लं काही उडाली नव्हती. दोन वर्षं ओळीनं त्यानं बागेच्या मागच्या, बांबूच्या शांत कोपऱ्यात घरटं केलं आणि दोन्ही वर्षी अंडी गेली. टकाचोर. लांब शेपटीचे, काळ्या तोंडाचे, सरकारी कारकुनासारखे सावकाश येणारे आणि काम करून जाणारे पक्षी. दुसऱ्या वर्षी पाओ-चूनं फुटकं कवच रुमालात उचललं आणि बांबूमागे उभं राहून रडली. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. या वर्षी पिल्लं उडालीच पाहिजेत, नाहीतर जाकीट काढून टाकीन, एवढं मात्र तिनं मैत्रिणीला, मेई-यिनला, बजावून ठेवलं होतं.

आणि या वर्षी बावळटानं काय करावं? शांत कोपरा सोडला आणि वडावर, म्हणजे बरोब्बर कॅराओकेच्या डोक्यावर, घरटं बांधलं.

"बावळट तो बावळटच," मेई-यिन म्हणाली होती. "अख्खी बाग मोकळी, आणि हा येऊन बसला थिएन-फूदादाच्या गाण्यावर."

पाओ-चूलाही तेच वाटलं. म्हणून झाडाभोवती दोरी बांधली, पाटी रंगवली, आणि शिट्टी फुंकली.

राग संध्याकाळपर्यंत उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थिएन-फू सकाळी उठून बागेत जायचा, पण दोरीपासून लांब, बुद्धिबळाच्या दगडी टेबलाशी, वडाकडे पाठ करून बसायचा. बाकीची गाणारी मंडळीही पांगली. "स्पीकर त्याचा, सुरुवात त्याची. तो नाही तर आम्ही नाही," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर संप करणाऱ्यांचं समाधान होतं.

घरी तो बोलायचा, पण फक्त कामापुरतं. मीठ दे. छत्री कुठंय. हं. हे "हं" ऐकलं की पाओ-चूला ते जुनं वर्ष आठवायचं. बसची नोकरी सुटली तेव्हा वर्षभर तो असाच खिडकीशी बसून राहिला होता आणि शंभर प्रश्नांना एक "हं" देत होता. मग एका देवळाच्या जेवणावळीत कोणीतरी त्याच्या हातात माईक दिला, आणि त्या माईकनं तिला नवरा परत आणून दिला. आवाज भसाडा होता, पण नवरा तिचा होता. आता तो आंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नव्हता. फ्रीजचा घरघराट पहिल्यांदाच ऐकू येत होता.

"बरं झालं, शांतता आहे," ती स्वतःशी म्हणाली, आणि तिचं तिलाच ते पटलं नाही.

बागेत शांतता झाल्याबरोबर टकाचोरांची जोडी आली. आधी दिव्याच्या खांबावर बसली. मग वडाच्या शेंड्यावर. पाओ-चू टेकाडावरच्या छोट्या मंडपात दुर्बीण लावून बसली होती, तिथून तीन अंडी दिसत. दोन दिवसांनी सकाळी दोनच दिसली, आणि झाडाखाली पाचोळ्यात कवचाचा पांढरा तुकडा पडला होता.

मग पथकाची धांदल उडाली. मेई-यिननं बांबूच्या काठीला लाल फिती बांधून हलवल्या. टकाचोरांनी ते दोन मिनिटं कौतुकानं पाहिलं आणि पुढच्या फांदीवर सरकले. दुसऱ्या एकीनं छत्री उघडझाप केली. पाओ-चूनं शिट्टी फुंकली, तर टकाचोर जागचे हलले नाहीत आणि बावळटच दचकून घरट्यावरून उडाला. ती अशी पांढरीफटक पडली की शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकून दिली. पक्षी परत येऊन बसेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

"ताई," मेई-यिन फिती गुंडाळत म्हणाली, "थिएन-फूदादा गात होता तेव्हा हे चोर कुठं होते गं?"

पाओ-चूनं वसंत आठवून बघितला.

कुठंच नव्हते. वसंतभर सकाळ-संध्याकाळ वडाखाली कोणी ना कोणी गळा काढत होतं आणि टकाचोरांनी तिकडे शेपूटसुद्धा वळवली नव्हती. शांत कोपऱ्यात दोन वर्षं अंडी गमावल्यावर बावळट मुद्दाम गोंगाटात राहायला आला होता. त्यानं स्वतःसाठी पहारा शोधला होता, आणि तो पहारा उठवला होता पथकप्रमुख पाओ-चूबाईंनी, शिट्टी मारून, पाटी दाखवून. तिला इतकी लाज वाटली की मेई-यिनकडे बघवेना.

"आता?" मेई-यिन म्हणाली.

"आता काय, सांगते त्याला गायला. नवराच आहे माझा."

हे बोलणं सोपं होतं. त्या दिवशी तिनं कारलं आणि डुकराच्या बरगड्यांचं सूप केलं, थिएन-फूचं आवडतं. शेंगदाणे मसाल्यात शिजवले. तो जेवायला बसला, वाडग्यात बघितलं, बायकोकडे बघितलं आणि काय ते समजला. संसार जुना झाला की सूपसुद्धा चुगली करतं.

"काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तू हल्ली गात नाहीस."

"नियम आहे."

"अरे, नियम जरा..."

"पाटीवर रंगानं लिहिलाय. मी स्वतः वाचला. वाचायला वेळही भरपूर होता, तू ती माझ्या नाकासमोर धरली होतीस."

"टकाचोर अंडी पळवतायत, म्हाताऱ्या. तू गायलास तर येणार नाहीत."

थिएन-फूनं बरगडी चोखून हाड बाजूला ठेवलं. "म्हणजे मी बुजगावणं."

"तसं नाही म्हटलं मी."

"माझ्या गाण्यानं आधी पक्ष्याची झोप मोडते, मग माझ्या गाण्यानं पक्षी पळतात. एक काय ते ठरव." तो उठला. सूप मात्र त्यानं सगळं संपवलं होतं.

दुपारी पाओ-चू बागेतल्या भूमिबाबाच्या देवळीत गेली. देवळी म्हणजे केवढी, कपाटाएवढी. आत पांढऱ्या दाढीचा हसरा भूमिबाबा. तिनं उदबत्त्या लावल्या, संत्री ठेवली, आपलं नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख सांगितली. भूमिबाबा तिला रोज बघत असला तरी हे सांगावंच लागतं, त्याच्याकडेही वस्ती मोठी आहे. मग कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरून तिनं विचारलं, "माफी न मागता जमेल का?"

कोरी खाली टाकल्या. दोन्ही पालथ्या पडल्या. नाही.

"नीट टाकल्या नव्हत्या," ती म्हणाली आणि परत टाकल्या. नाही. तिसऱ्यांदा टाकल्या. एक कोर घरंगळत तिच्या चपलेशी आली आणि पालथीच पडली.

"बरं, मग असं करू का? तुझा आवाज फार सुरेख आहे, असं सांगू का त्याला?"

दोन्ही कोरींची सपाट बाजू वर आली. म्हणजे देव हसतोय.

"हसायला काय झालं?" पाओ-चू म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं. खोट्या स्तुतीवर देव शिक्का मारणार नव्हता. आणि माफी घरात, सुपाच्या वाडग्याशी मागून भागणार नव्हतं, हे तिला कोरींनी सांगायचीही गरज नव्हती. शिट्टी चारचौघांत मारली होती. चारचौघं हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थिएन-फूच्या आधी जागी झाली, पण झोपल्यासारखी पडून राहिली, तो गेल्यावर फुलाफुलांचं फडकं काढलं आणि स्पीकर ओढत बागेत निघाली. ठरवून निघाली होती: बुद्धिबळाच्या टेबलाशी जायचं, सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोलायची, मोकळं व्हायचं. पण टेबलाभोवती म्हातारे दाटीनं उभे होते, आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. एकट्या थिएन-फूनं बघितलं नाही. शेकडो पोरांवर ओरडलेल्या बाईच्या तोंडून एक "चुकलं" निघेना.

तेवढ्यात वडावर सळसळ झाली. टकाचोर. एक वर, एक खाली, घरट्याच्या दोन बाजूंना. बावळटानं चोच आभाळाकडे करून सगळं अंग ताठ केलं. फांदी असल्याचं सोंग तो झकास वठवत होता, पण टकाचोर फसणाऱ्यांतले नव्हते.

पाओ-चूनं स्पीकर दोरीच्या आत ढकलला. बटणं कुठली कशाची हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सगळीच शेवटपर्यंत फिरवली. आणि नवऱ्याचं गाणं सुरू केलं.

"बोट गेली... शीळ राहिली..."

लोकांनी नंतर बरंच काय काय सांगितलं. पलीकडच्या इमारतीत एक खिडकी उघडली आणि तीन बंद झाल्या. कबुतरं उडाली. एका म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं, "कोणाला लागलं काय?" मेई-यिन पाटी घेऊन पळत आली.

"ताई! ताई, शांतता! नियम!"

"पाटी खाली ठेव," पाओ-चू माईकमध्ये म्हणाली, आणि बागेनं ते तीनदा ऐकलं.

टकाचोर बांबूपर्यंत गेले. पण बांबूपर्यंतच. शेपट्या हलवत वाट बघू लागले. पाओ-चूला पहिल्या कडव्यापुढचं येत नव्हतं, म्हणून तिनं पहिलंच पुन्हा धरलं, आणि या वेळी इतक्या वर धरलं की वरचा सूर यायच्या आधीच आवाज फाटला. ती थांबली नाही. घामानं जाकीट भिजलं, सगळी वस्ती बघत होती आणि ती बोट घेऊन समुद्रात गटांगळ्या खात होती.

बुद्धिबळाच्या टेबलाशी थिएन-फूची तोफ, चिनी पटावरची बडी सोंगटी, मारली गेली. त्याला कळलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा "बोट गेली" सुरू झालं तसा तो उठला, दोरीपर्यंत आला आणि दोरीच्या बाहेर थांबला.

"म्हातारे, बोट गेली म्हणतात. तू ती बुडवलीस."

"मग काढ बाहेर."

"मला आत यायला बंदी आहे."

"उठवली."

"कोणी?"

"पथकानं."

"आणि पथक कोण?"

"मी," पाओ-चू म्हणाली. त्यानं माईकसाठी हात पुढे केला नाही. बांबूवरून एक टकाचोर उडून परत दिव्याच्या खांबावर आला होता. ती दोरीजवळ गेली आणि अगदी हलक्या आवाजात, त्याच्या एकट्यापुरतं बोलली. "चारचौघांत तुझं गाणं तोडायला नको होतं मी. माझं चुकलं. तू गात नाहीस तर घर खायला उठतं रे मला."

माईक तिच्या हातातच होता, आणि सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली होती.

"खायला उठतं रे मला... उठतं रे मला... रे मला..." बागेनं ऐकलं. टेकाडानं ऐकलं. बसथांब्यावर रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी वळून बघितलं. पाओ-चूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. या वेळी कोणी हसलं नाही.

थिएन-फू दोरीखालून वाकून आत आला. पाठीत उसण भरल्यासारखं त्यानं तोंड केलं, कारण डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं. "आधी ते घुमणं कमी कर," तो म्हणाला. "माणसाला असं गाता येत नाही." त्यानं दोन बटणं मागे फिरवली, माईक घेतला आणि खालच्या पट्टीत, बसचा गिअर टाकावा तसं गाणं उचललं. टकाचोर खांबावरून उठला, बांबूवरून गेला आणि जोडीदाराला घेऊन थेट नाल्यापलीकडे गेला. बाकीची मंडळी चहाचे पेले घेऊन आपापल्या जागी येऊन बसली. संप मिटला.

पाटी तीच ठेवली. खाली फक्त वस्तीप्रमुखांनी आपल्या हातानं लिहिलं: "गाणारे सोडून." बुद्धिबळवाल्यांनी त्यावर आक्षेप घेतला, पण त्यांचं कोण ऐकतं.

पुढं दोन्ही अंडी फुटली. पिल्लं निघाली ती डोक्यावरचे केस ताठ उभे असलेली, विजेचा झटका बसल्यासारखी. त्या सकाळी पाओ-चू आणि मेई-यिन मंडपात पाळीवर होत्या, आणि खाली थिएन-फू वरच्या सुरावर मुक्कामाला होता.

"ताई, कापूस आहे का गं?" मेई-यिननं कळवळून विचारलं.

पाओ-चूनं खिशातलं पुडकं काढलं आणि सगळंच तिच्या हातात दिलं.

"आणि तुला?"

पाओ-चूनं दुर्बीण डोळ्यांना लावली. घरट्यात दोन माना लांब होऊन डावीकडे-उजवीकडे झुलत होत्या, आणि फांदीवर बावळट चोचीत गांडूळ धरून उभा होता.

"बघ," पाओ-चू म्हणाली, "त्याच्या गाण्यावर डोलतायत."